हृदयविकाराच्या रुग्णाचे नैराश्य : उपचारांचा क्रम कुठे चुकतो आणि तो कसा लावावा

हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या साधारण पाचांपैकी एका रुग्णाला उपचार घ्यावे लागतील इतके नैराश्य येते. त्यावर औषधे आहेत, ती फार महाग नाहीत, आणि गोव्यात मानसोपचार मिळायला मुंबई-पुण्याला जावे लागत नाही. तरीही घोळ होतो, तो बहुतेक वेळा क्रमाचा. झोपेची गोळी आधी सुरू होते आणि निदान नंतर होते. नैराश्याची गोळी चालू होऊन महिना उलटतो, तरी इसीजी काढलेला नसतो. तिसऱ्या आठवड्यात जरा हुशारी वाटली की गोळी बंद. सगळ्यांत महागात पडते ती गोष्ट म्हणजे हृदयाच्या डॉक्टरांचे कागद एका पिशवीत आणि मानसोपचाराचे दुसऱ्या पिशवीत ठेवणे.

कागद, गोळ्या आणि तारखा सांभाळणाऱ्या घरच्या माणसासाठी हे टप्पे लिहिले आहेत. डोस ठरवणे डॉक्टरांचे काम. इथले आकडे त्यांच्याशी नेमके बोलता यावे एवढ्यासाठी.

टप्पा १ : छातीतले दुखणे मनाचे आहे, असे घरी ठरवू नका

नैराश्याचे निदान झाले की घरात एक वाईट सवय लागते. छातीत काही झाले की "टेन्शन घेता म्हणून होते" असे म्हणत पाण्याचा पेला पुढे करायचा. भीतीच्या झटक्यात आणि हृदयाच्या झटक्यात धडधड, घाम, दम आणि छातीवरचा दाब सारखाच असतो. इसीजीशिवाय हा फरक डॉक्टरही छातीठोकपणे सांगत नाहीत.

१. माणसाला बसवा. चालवू नका, जिना चढवू नका.
२. डॉक्टरांनी जिभेखाली ठेवायची गोळी किंवा स्प्रे लिहून दिला असेल तर एकदा द्या.
३. पाच मिनिटांत उतार पडला नाही किंवा दुखणे वाढले तर १०८ ला फोन करा. स्वतःची गाडी काढून बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजची वाट धरू नका. वाटेत काही झाले तर गाडी चालवणाऱ्याला काहीच करता येत नाही.

सावधान : गेल्या २४ तासांत सिल्डेनाफिल किंवा ४८ तासांत टाडालाफिल (पुरुषांच्या लैंगिक ताठरतेसाठीच्या गोळ्या) घेतले असेल तर जिभेखालची गोळी देऊ नका, रक्तदाब धोकादायकरीत्या उतरतो. हा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, म्हणून तो आधीच, निवांत वेळी विचारून ठेवा.

हृदयाची ताकद कमी असलेल्या रुग्णाच्या बाबतीत आणखी एक पाहा. तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढले, पाय सुजले, रात्री उशा वाढवाव्या लागल्या, तर गळून जाण्याचे कारण आधी हृदयात शोधायचे. अशा वेळी मनाची प्रश्नावली घेऊन बसू नये.

टप्पा २ : दोन आठवड्यांचे मोजमाप

रुग्णालयातून घरी आल्यावर पहिले आठ-दहा दिवस बहुतेक जण हबकलेले असतात. रडू येते, झोप उडते, मुलांची काळजी वाटते. यातले बरेचसे आपोआप ओसरते. मोजमाप करायचे ते दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात, आणि मग दर तीन महिन्यांनी वर्षभर. बायपासच्या रुग्णालाही तेच.

आधी दोनच प्रश्न. गेल्या दोन आठवड्यांत (अ) कशातच रस वाटत नाही, असे किती दिवस झाले? (आ) उदास, खचल्यासारखे किती दिवस वाटले? उत्तराला गुण असे : अजिबात नाही ०, काही दिवस १, निम्म्याहून जास्त दिवस २, जवळजवळ रोज ३. दोन्हींची बेरीज ३ किंवा जास्त झाली तर पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची यादी भरायची. तिच्यात या दोन प्रश्नांशिवाय झोप, थकवा, भूक, स्वतःला नालायक समजणे, लक्ष न लागणे, हालचाल मंदावणे किंवा बेचैनी, आणि मरणाचे विचार येतात. एकूण गुण २७. पाचपासून सौम्य, दहापासून मध्यम, पंधरापासून बऱ्यापैकी तीव्र, वीसपासून तीव्र. दहा किंवा जास्त गुण आले तर डॉक्टरांकडे जायचेच. तारीख घालून कागद जपून ठेवा, पुढची सगळी तुलना याच आकड्याशी होणार आहे.

थकवा, झोप आणि भूक या तीन प्रश्नांचे गुण हृदयविकारामुळेही वाढतात. म्हणून बेरीज पाहून थांबू नका, गुण कुठून आले ते पाहा. हृदय थकलेल्या माणसाला मासळीबाजारात जायचे असते, पण दोनशे पावलांवर दम लागतो. नैराश्य आलेल्या माणसाला "बांगडे आणले काय, इसवण आणला काय, सारखेच" असे होते. दुसरी खूण म्हणजे गोळ्या चुकणे. स्टेंट बसवलेला माणूस "आता काय करायच्या त्या गोळ्या" म्हणू लागला तर ती तब्येतीची कुरकुर समजून सोडू नका. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या मध्येच सोडल्या तर स्टेंट बंद पडू शकतो.

प्रश्न रुग्णाच्या भाषेत विचारा. पेडणे-डिचोलीकडच्या घरातल्या आजोबांना इंग्रजी फॉर्म हातात दिला तर सगळीकडे "नाही" वर खूण होते आणि गुण शून्य येतात.

तपासा : नववा प्रश्न. मरणाच्या विचारांचा प्रश्न गाळू नका. विचारल्याने विचार डोक्यात शिरतो, हा समज खोटा आहे. सरळ विचारा : "अहो, जगणे नकोसे वाटते का? स्वतःला काही करून घ्यावे असे मनात येते का?" उत्तर "हो" किंवा "कधी कधी" आले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, माणसाला एकटे सोडू नका, आणि घरातल्या सगळ्या गोळ्या व बागेसाठी आणलेली कीटकनाशके कुलपात ठेवा. हृदयाच्या नेहमीच्या गोळ्याही जास्त प्रमाणात जीवघेण्या असतात, म्हणून रुग्णाच्या हातात एका दिवसाच्याच द्या. टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालतो, फोन फुकट आहे आणि मराठीत बोलता येते. प्रयत्न झालाच असेल तर १०८.

टप्पा ३ : नैराश्यासारखे दिसणारे दुसरे काही आहे का

गोळी सुरू होण्याआधी रक्ताच्या एवढ्या तपासण्या मागून घ्या : हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडसाठी), सोडियम-पोटॅशियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), साखर आणि बी-१२. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेणाऱ्यांचे आणि शाकाहारी माणसांचे बी-१२ हमखास पाहावे. ठोके अनियमित पडतात म्हणून अमिओडॅरोन चालू असेल तर टीएसएच टाळूच नका, कारण ही गोळी थायरॉइड बिघडवते आणि थायरॉइड मंदावल्याचे चित्र थेट नैराश्यासारखे दिसते.

मेटोप्रोलॉलसारख्या बीटा ब्लॉकर गोळ्यांवर सगळा दोष ढकलायची पद्धत आहे. त्यांनी थकवा येतो, विचित्र स्वप्ने पडतात, हे खरे. नैराश्य मात्र त्यांच्यामुळे येते असे नव्या अभ्यासांत दिसत नाही. शंका आली तर हृदयाच्या डॉक्टरांना विचारा. स्वतःहून एकदम बंद केल्यास छातीचे दुखणे उसळते, झटकाही येऊ शकतो.

घोरणे आणि झोपेत श्वास अडकणे याची माहिती रुग्णाला नसते, शेजारी झोपणाऱ्याला असते. ती डॉक्टरांना सांगा.

मग दारू. मार्च ते मेमध्ये उर्राक, एरवी फेणी किंवा इतर काही. "थोडीशी घेतो" हे उत्तर लिहू नका, मापाने आणि आठवड्याच्या दिवसांनी लिहा. दारू चालू असताना नैराश्याचा उपचार लागू पडत नाही आणि ठोकेही बिघडतात. पण रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एका दिवसात तोडणे धोक्याचे. हात थरथरणे, भ्रम, फिट्स असे प्रकार होतात. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावे.

शेवटचे : आयुष्यात कधी उलटे दिवस येऊन गेले का? आठवडाभर झोपेशिवाय उत्साह, अवाढव्य खर्च, न थांबणारी बडबड? घरच्यांना असे आठवत असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना पहिल्याच भेटीत सांगा. अशा माणसाला नुसती नैराश्याची गोळी दिली तर तोल दुसऱ्या टोकाला जातो.

टप्पा ४ : सगळ्या गोळ्यांचा एकच कागद

अर्ध्या तासाचे काम आहे, पण बहुतेक घरांत तेच राहून जाते. गोळ्यांचा डबा टेबलावर रिकामा करा. फ्रीजवरच्या, देवघराजवळच्या आणि पर्समधल्या गोळ्याही आणा. एका कागदावर सहा रकाने आखा : पट्टीवरचे नाव, आतले औषध, मिलिग्रॅम, वेळ, कोणत्या डॉक्टरांनी लिहिली, कधीपासून.

दुसरा रकाना सर्वांत महत्त्वाचा. आतल्या औषधाचे नाव पट्टीच्या मागे बारीक अक्षरात असते आणि फार्मसीत पट्टी कापून दिली की नेमके तेच कापले जाते. म्हणून शक्यतो अख्खी पट्टी घ्या, नाहीतर पुठ्ठ्याच्या खोक्याचा फोटो काढून ठेवा. आम्लपित्ताची गोळी, गुडघेदुखीची गोळी, होमिओपॅथी, काढे, चूर्णे, सगळे लिहा. खोकल्यासाठी रोज चघळलेले ज्येष्ठमधही लिहा. ते रक्तदाब वाढवते आणि पोटॅशियम उतरवते.

कागद तयार झाला की पुढच्या जोड्या त्यात आहेत का ते पाहा. सापडल्या तर गोळी बंद करू नका, खूण करून डॉक्टरांना दाखवा. सरट्रालिन, एस्सिटॅलोप्रॅम, फ्लुओक्सेटिन या नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्यांच्या गटाला एसएसआरआय म्हणतात. बहुतेक जोड्या त्यांच्याच आहेत.

- अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, टिकाग्रेलॉर, वॉरफेरिन किंवा असिनोकुमारॉल + एसएसआरआय : रक्तस्रावाचा धोका वाढतो, विशेषतः पोटात. पोटाच्या रक्षणासाठी गोळी लागेल का, ते विचारा. क्लोपिडोग्रेल चालू असेल तर ओमेप्राझोल आणि इसोमेप्राझोल टाळतात, पॅन्टोप्राझोल चालते.
- वरच्यांत भर म्हणून डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन : ही तिसरी गोळी कंबर दुखते म्हणून चिठ्ठीशिवाय आणली जाते आणि रक्तस्राव तिच्यामुळेच होतो.
- क्लोपिडोग्रेल + फ्लुओक्सेटिन किंवा फ्लुवोक्सामिन : क्लोपिडोग्रेलचा परिणाम कमी होऊ शकतो.
- मेटोप्रोलॉल + फ्लुओक्सेटिन किंवा पॅरोक्सेटिन : मेटोप्रोलॉल रक्तात साठते, नाडी मंदावते, चक्कर येते.
- हायड्रोक्लोरोथायाझाइड, क्लोरथॅलिडोन, इंडापामाइड (लघवीच्या गोळ्या) + एसएसआरआय : सोडियम घसरते.
- अमिओडॅरोन किंवा सोटालॉल + सिटॅलोप्रॅम किंवा एस्सिटॅलोप्रॅम : ठोक्यांचा धोकादायक बिघाड.

"मन शांत राहायची गोळी" म्हणून दिलेल्या जोडगोळ्या वेगळ्या तपासा. क्लोरडायझेपॉक्साइडबरोबर अमिट्रिप्टिलिन किंवा फ्लुपेन्टिक्सॉलबरोबर मेलिट्रासेन असेल, तर त्यातले दुसरे औषध जुन्या ट्रायसायक्लिक गटातले. या गटाने ठोके बिघडतात, उभे राहताच रक्तदाब पडतो. झटका येऊन गेलेल्या माणसाला ते टाळतात. अशी पट्टी वर्षानुवर्षे चालू असलेली घरे बरीच सापडतात, आणि ती कोणी लिहिली हे कोणालाच आठवत नसते.

तपासा : कागदाच्या दोन झेरॉक्स काढा. एक हृदयाच्या केसपेपरला, एक मानसोपचाराच्या केसपेपरला टाचणीने लावा. मूळ प्रत घरी, फोटो फोनमध्ये.

टप्पा ५ : इसीजी, मग गोळी

नवीन गोळी सुरू होण्याआधीचा, शक्यतो गेल्या महिन्याभरातला इसीजी हातात असावा. त्यावर क्यूटीसी असा आकडा छापलेला असतो : एका ठोक्यानंतर हृदयाला पुन्हा सज्ज व्हायला लागणारा वेळ. तो लांबला की ठोके धोकादायकरीत्या बिघडू शकतात. पुरुषांत साधारण ४५० आणि स्त्रियांत ४६० मिलिसेकंदांपर्यंत ठीक. त्याच्या वर असेल तर सिटॅलोप्रॅम-एस्सिटॅलोप्रॅमचा विचार जपून होतो. ५०० च्या वर गेला तर क्यूटीसी लांबवणारी कोणतीही गोळी नको, आणि हृदयाच्या डॉक्टरांना त्याच दिवशी कळवायचे. यंत्राने छापलेला आकडा कधी कधी चुकतो, नाडी फार जलद असताना तर नक्कीच. तो डॉक्टरांकडून हाताने मोजून घ्या. पोटॅशियम कमी असेल तर आधी ते भरून काढतात.

टप्पा ६ : कोणाकडे आणि काय घेऊन

पहिली भेट नेहमीच्या हृदयाच्या डॉक्टरांची. त्यांना सांगायचे वाक्य छोटे ठेवा : "पीएचक्यू-९ मध्ये १४ गुण आलेत, गोळ्यांचा कागद हा, मानसोपचारासाठी चिठ्ठी हवी." ओपीडीच्या गर्दीत "त्यांना बरे वाटत नाही" एवढेच सांगितले तर उत्तरही तेवढेच मिळते.

बांबोळीत गोवा मेडिकल कॉलेज आणि मानसोपचाराची सरकारी संस्था, म्हणजे आयपीएचबी, दोन्ही आहेत. वाळपई किंवा काणकोणहून येणाऱ्याने दोन्हीकडचे ओपीडीचे वार विचारून एकाच दिवसात बसवावे, नाहीतर दुसरी खेप पुढे ढकलली जाते आणि ती पुढेच राहते. म्हापसा आणि मडगावच्या जिल्हा रुग्णालयांत आणि जवळच्या आरोग्य केंद्रातही मानसोपचाराची चौकशी करा. "आयपीएचबीत कोणी पाहिले तर?" ही भीती खरी असते. तिच्यावर वाद घालू नका, खासगी डॉक्टरकडे जा, पण जा.

पिशवीत : डिस्चार्ज कार्ड, शेवटचा टू-डी इको, इसीजी, रक्ताचे रिपोर्ट, गोळ्यांचा कागद, गुणांचा कागद. डॉक्टरांना थोडा वेळ रुग्णाशी एकट्याने बोलू द्या. मुलगा शेजारी बसलेला असताना वडील मरणाच्या विचारांबद्दल बोलत नाहीत.

टप्पा ७ : ठरवून केलेली कामे

सौम्य ते मध्यम नैराश्यात गोळीआधी किंवा गोळीबरोबर बोलण्याचा उपचार द्यावा. हृदयाची ताकद कमी असलेल्यांत तर यावर अधिकच भर हवा. सरट्रालिन आणि एस्सिटॅलोप्रॅम या दोन्ही गोळ्या अशा रुग्णांवरच्या मोठ्या चाचण्यांत नुसत्या साखरेच्या गोळीपेक्षा सरस ठरल्या नव्हत्या.

यातली सर्वांत सोपी पद्धत आहे ठरलेल्या वेळी ठरलेले काम करण्याची. तिची चाचणी गोव्यातल्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांत झाली. 'संगथ' या संस्थेने प्रशिक्षण दिलेल्या, डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ बैठकांत हा उपचार दिला, आणि बऱ्यापैकी तीव्र ते तीव्र नैराश्यात त्याचा उपयोग झाल्याचे २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. ती चाचणी हृदयरुग्णांपुरती नव्हती, पण पद्धत त्यांना चालते. समुपदेशक मिळाला तर उत्तम. मिळेपर्यंत घरी असे करा.

पहिला आठवडा, फक्त नोंद. दिवसाचे चार भाग करून काय केले आणि मन दहापैकी किती, एवढेच लिहा. समजा, फोंड्याजवळ कुळागर (पोफळी-नारळांची बाग) असलेले साठीचे गृहस्थ आहेत. नोंद अशी दिसेल : सकाळी पेज, मन ३. नऊ ते बारा पलंगावर, मन २. दुपारी झोप, मन २. साडेचारला नातवाबरोबर पत्ते, मन ५. उपचार सुरू कुठून करायचा, ते या शेवटच्या ओळीत आहे.

दुसरा आठवडा, एकच काम, वेळ बांधून. "बागेत जा" असे सांगून काही होत नाही. "सोमवार, बुधवार, शुक्रवार, साडेचार वाजता नातवाबरोबर पोफळींच्या पहिल्या रांगेपर्यंत, दहा मिनिटे" असे लिहून भिंतीला लावा. मन लागो न लागो, साडेचार वाजले की उठायचे. मनाची वाट पाहिली तर कोणतेच काम होत नाही, कारण या आजारात आधी काम घडते आणि मन मागाहून येते.

तिसरा आठवडा आणि पुढे. एक काम वाढवा, पहिले सोडू नका. गड्याला शिंपणे सांगणे, गुरुवारच्या भजनाला खुर्चीवर बसून अर्धा तास, जत्रेतल्या नाटकाच्या तालमीला प्रॉम्प्टर म्हणून बसणे. माणूस पूर्वी जे करत होता त्याचाच झेपेल असा तुकडा निवडा. नवे छंद लावायची ही वेळ नाही.

बायकांच्या बाबतीत घरचे हमखास एक चूक करतात. बायपास झाली म्हणून स्वयंपाकघर पूर्ण काढून घेतात. सून धावपळ करते, सासूबाई खोलीत छताकडे पाहत बसतात. त्यांना बसून करायचे काम परत द्या : भाजी निवडणे, वाती वळणे, अबोलीचे वळेसर करणे, आमटीची चव पाहून मीठ सांगणे. छातीचे हाड सांधेपर्यंत, म्हणजे सहा ते बारा आठवडे, चार-पाच किलोंहून जड उचलायचे नाही. नारळ खवणेही तोवर दुसऱ्याकडे.

चालणे हा या उपचाराचा भाग आहे. डॉक्टरांची परवानगी घेऊन पाच ते दहा मिनिटांनी सुरुवात करा, दर आठवड्याला थोडे वाढवा. चालताना बोलता आले पाहिजे. वाक्य तुटू लागले तर वेग कमी. एप्रिल-मेमध्ये सकाळी सातच्या आत, पावसाळ्यात शेवाळलेल्या अंगणात न जाता घरातल्या सोप्यावर किंवा इमारतीच्या कॉरिडॉरमध्ये.

सावधान : भेटायला येणाऱ्यांना आवरा. दोन माणसे, पंधरा मिनिटे. फळांची पिशवी ठेवून "आमच्या शेजाऱ्याचे असेच झाले, तीन महिन्यांत गेला" सांगणारा एक तरी असतोच.

टप्पा ८ : गोळी सुरू झाली, पहिले आठ आठवडे

झटक्यानंतरच्या रुग्णांत बहुधा सरट्रालिनपासून सुरुवात होते. हृदयाच्या बाबतीत तिची सुरक्षितता २००२ च्या एका मोठ्या चाचणीत तपासली गेली आहे. सुरुवात बहुधा २५ मिलिग्रॅम, आठवड्याने ५०, गरज पडल्यास टप्प्याटप्प्याने वर, कमाल २००. एस्सिटॅलोप्रॅम वयस्कांत सहसा १० पर्यंत, सिटॅलोप्रॅम साठीनंतर २० पर्यंत. भूक आणि झोप पार गेली असेल तर मिर्टाझापिनचा विचार होतो, पण वजन वाढते. व्हेनलाफॅक्सिनने रक्तदाब चढतो.

पहिला आठवडा. मळमळ, पातळ शौच, डोकेदुखी, थोडी बेचैनी. गोळी नाश्त्यानंतर द्या. हे दहा-पंधरा दिवसांत बहुधा ओसरते. या दिवसांत गुण येत नाही, फक्त त्रास दिसतो, आणि "या गोळीने जास्तच झाले" म्हणून बहुतेक गोळ्या इथेच सुटतात. पहिल्या दिवशीच हे रुग्णाला सांगून ठेवा.

दुसरा ते चौथा आठवडा. सोडियम पुन्हा तपासा, विशेषतः साठीपुढच्या स्त्रिया आणि लघवीची गोळी घेणाऱ्यांत. डॉक्टरांनी सांगितले असेल तर इसीजीही. गोंधळल्यासारखे बोलणे, तोल जाणे, सततची डोकेदुखी ही सोडियम घसरल्याची लक्षणे "वय झाले" म्हणून सोडली जातात. रिपोर्टात सोडियम कमी दिसले म्हणून घरी मीठ वाढवू नका. इथे बहुधा शरीरात पाणी जास्त साठलेले असते, आणि मिठाने हृदयावरचा भार वाढतो. जेवण जात नाही म्हणून तिन्ही वेळा पेज आणि सोबत लोणचे किंवा सुके बांगडे, हा प्रकार तर लगेच थांबवा.

याच आठवड्यांत अंगात हुशारी आधी येते आणि निराशा नंतर जाते. नवव्या प्रश्नाचे उत्तर आधी "हो" होते त्यांच्यावर आताच जास्त लक्ष हवे.

सावधान : काळे, डांबरासारखे शौच, हिरड्यांतून रक्त, कारणाशिवाय काळेनिळे डाग दिसले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. लोहाच्या गोळीनेही शौच काळे होते, ती चालू असेल तर तेही सांगा. चक्कर येऊन शुद्ध हरपली तर थेट १०८.

झोपेसाठी किंवा बेचैनीसाठी क्लोनाझेपाम किंवा अल्प्राझोलाम दिले असेल तर ते किती दिवसांचे, हे चिठ्ठीवर लिहून घ्या. दोन ते चार आठवडे हा साधारण हिशोब. त्यापुढे सवय लागते, रात्री लघवीला उठताना पडायला होते, झोपेत श्वास अडकणाऱ्यांना धोका वाढतो.

सहावा ते आठवा आठवडा. पीएचक्यू-९ पुन्हा भरा. गुण निम्म्यावर आले तर गोळी लागू पडते आहे. पाचच्या खाली आणणे हे उद्दिष्ट. चौथ्या आठवड्यापर्यंत काहीच फरक नसेल तर डोस वाढवण्याबद्दल, आठव्यापर्यंत नसेल तर गोळी बदलण्याबद्दल डॉक्टरांना विचारा. आधी मात्र पट्ट्या मोजा : दिलेल्या गोळ्या पोटात गेल्या का?

लैंगिक इच्छा कमी होणे किंवा वीर्यस्खलन लांबणे हे गोळी गुपचूप सोडण्याचे मोठे कारण आहे, आणि नवरा-बायको दोघेही ते डॉक्टरांना सांगत नाहीत. सांगितले तर डोस किंवा औषध बदलता येते. दोन जिने न दमता, छातीत न दुखता चढता येत असतील तर संबंधांना सहसा हरकत नसते. ते डॉक्टरांकडून पक्के करून घ्या.

टप्पा ९ : नंतरचे महिने

तक्रारी गेल्यावर गोळी निदान सहा महिने चालू ठेवतात. पूर्वीही नैराश्य येऊन गेले असेल तर आणखी जास्त. या काळात घोळ होतो तो बाहेरून येणाऱ्या नव्या चिठ्ठीने. ताप-खोकल्यासाठी अॅझिथ्रोमायसिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन, उलटीसाठी ऑन्डान्सेट्रॉन, पोटासाठी डॉम्पेरिडॉन : ही औषधे क्यूटीसी लांबवतात. कुठल्याही दवाखान्यात गेलात तरी गोळ्यांचा कागद आधी टेबलावर ठेवा. दात काढायचा असेल तर दाताच्या डॉक्टरांनाही दाखवा, आणि त्यांच्या सांगण्यावरून रक्त पातळ ठेवणारी गोळी परस्पर थांबवू नका.

चतुर्थीला गावी जाताना गोळ्या दहा दिवसांच्या जास्त घ्या. सणात फार्मसी बंद मिळते, आणि एसएसआरआय अचानक तुटली की दोन-तीन दिवसांत चक्कर, चिडचिड, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके सुरू होतात. घरचे ते हृदयाचे समजून घाबरतात. एक डोस चुकला तर आठवेल तेव्हा घ्या. दुसऱ्या डोसची वेळ आलीच असेल तर चुकलेला सोडून द्या, दोन एकत्र नकोत.

टप्पा १० : गोळी बंद करताना

बंद करायची तारीख डॉक्टर ठरवतील. तुम्ही दोन गोष्टी पाहा. एक, डोस काही आठवड्यांत पायरीपायरीने उतरतो आहे ना. दुसरी, तारीख बायपासच्या, नवीन स्टेंटच्या किंवा घरातल्या लग्नाच्या तोंडावर येत नाही ना. वॉरफेरिन किंवा असिनोकुमारॉल घेणाऱ्याने एसएसआरआय सुरू, बदल किंवा बंद झाल्यावर आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते दाखवणारी तपासणी) करून घ्यायचा, कारण त्याचा आकडा हलू शकतो. शेवटची गोळी संपल्यावर पहिल्या आणि तिसऱ्या महिन्यात तेच नऊ प्रश्न पुन्हा भरा, आणि गुण दहा किंवा जास्त आले तर पुढच्या भेटीची तारीख न पाहता आधी फोन करा.